पोटातली बाग

७ मार्च

तुझ्या वडिलांचं पोट उघडून परत शिवलं आहे. मोठ्या आतड्याचा गाठ आलेला भाग काढून टाकला आणि उरलेली टोकं एकमेकांना जोडली. सर्जन म्हणाला, "तसं छान झालं, आता बघू." बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी त्यातलं फक्त 'छान' ऐकलं. मी कोर्टात लघुलेखक होते, सगळे शब्द टिपायचा माझा पगार होता. मी 'तसं' आणि 'बघू' हेही ऐकलं.

काही सांगायचं असेल तर लिहून कळवा, फोन करू नका, असं तू मला आमच्या लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीच्या जिन्यात सांगितलं होतंस. बोलताना भिंतीकडे बघत होतीस, पण मला उद्देशूनच बोलत होतीस. तेव्हापासून आजपर्यंत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तू पाठवलेल्या खोक्यावर तुझ्या कंपनीचा मेल छापलेला आहे, तिथं पाठवते.

खोकं वॉर्डात पोचलं. हिरवं आहे, झाकणावर पानं आहेत. आत पुड्या आणि एक कार्ड. कार्डावर तुझा फोटो, हातात कुंडी. 'तुमचं पोट ही एक बाग आहे. आम्ही तिचे माळी.' ऑपरेशननंतर सर्जननं मला आत बोलावून कापलेला तुकडा ट्रेमध्ये दाखवला. घरच्यांना दाखवायची त्यांच्यात पद्धत आहे, म्हणजे पुढे कुणी म्हणू नये की काही काढलंच नाही. मी नीट बघितलं. बागेसारखं त्यात काही नव्हतं.

सर्जन राउंडला आला तेव्हा मी खोकं त्याच्यापुढे धरलं.

"हे चालेल का यांना?"

"काय आहे?"

"यांच्या मुलीच्या कारखान्यातले जंतू. जिवंत असतात म्हणे."

त्यानं कार्ड वाचलं. कुंडीपाशी जरा थांबला. "नको. आत्ता अजिबात नको." मग तो यांच्याकडे वळला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलू लागला. "आजोबा, अशा ऑपरेशननंतर इन्फेक्शन होतं ना, ते पुष्कळदा बाहेरून येतच नाही. आपल्याच आतड्यातले जंतू असतात. एरवी गुण्यागोविंदानं राहतात. आता आम्ही भिंत कापलीय, शिवलीय, वर औषधं देऊन त्यांच्यातले निम्मे मारलेत. उरलेले काय करतील सांगता येत नाही. त्यात नवे पाहुणे कशाला?"

"पाहुणे कसले डॉक्टर, घरचेच आहेत," तुझे वडील म्हणाले.

सर्जन हसला, नर्स हसली. मी खोकं पिशवीत घातलं.

ते दोघं गेल्यावर हे म्हणाले, "काढ ते. उशाशी ठेव."

"ऐकलंत ना काय म्हणाला?"

"खातोय कोण? नुसतं ठेव म्हणतोय. भिंगरीनं पाठवलंय."

ठेवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, नाकात नळी, मानेत नळी, पोटातून दोन नळ्या बाहेर, आणि तोंडावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद. मला ते बघवलं नाही. मी चहाला गेले.

ऑपरेशनचं तुला कुणी कळवलं? मी नाही. विचारत नाही, फक्त नोंद करते.


११ मार्च

तुझ्या कंपनीचं उत्तर आलं. 'आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल.' शेवटी हसरा पिवळा चेहरा. मी तक्रार केली नव्हती. आता करायला काही हरकत दिसत नाही.

तुझ्या वडिलांना ताप आहे. आधी हुडहुडी भरते, पलंगाचे गज वाजतात, मग ताप चढतो. तो उतरला की ते मला लिफ्टबद्दल सांगतात. या इमारतीच्या लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर घासतं आणि ब्रेक उशिरा धरतो. त्यांनी हे सर्जनला सांगितलं, नर्सला सांगितलं, खोली पुसणाऱ्या मावशींना सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. आता स्वतः आडवे पडलेत आणि छताकडे बघत आवाजावरून निदान करतात. त्यांचं निदान बरोबर असावं, कारण कुणीच मनावर घेत नाही.

जंतूंच्या लॅबमधली डॉक्टर रोज येते. किरकोळ, ताठ, पेनाचं टोपण चावणारी. तुझे वडील तिला टाचणी म्हणतात, तेही तोंडावर. तिनं रागवायचं सोडून दिलंय.

आज टाचणी म्हणाली, "रक्तात काहीतरी उगवतंय. फार सावकाश. बहुतेक कातडीवरचं असेल, सुई टोचताना आलेलं. असले जंतू सहसा कुणाचं वाकडं करत नाहीत."

"मग ताप कशाचा?"

"आतड्याचा जोड गळत असेल तर पोटातला."

स्कॅन केला. जोड गळत नाही. सर्जननं फोटो उजेडाकडे धरून तो मला अभिमानानं दाखवला. जोड इतका चांगला असताना पेशंट इतका वाईट का, हे त्याला सांगता आलं नाही. सगळ्यात जोरदार औषध चालू केलंय म्हणाला. त्यावरही ताप तसाच आहे.

तुझी आत्या येऊन गेली. ती तुझे व्हिडिओ बघते. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं खोकं उघडून कार्ड मोठ्यानं वाचलं. "वहिनी, यातलं थोडं दिलं असतंस तर ताप आलाच नसता. पोरगी एवढी जग सुधारतेय आणि बापालाच उपयोग नाही. सावत्रपणा म्हणतात तो हाच."

तुझे वडील डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. झोपलेल्या माणसाचा घसा असा हलत नाही.

एक बारीक गोष्ट. यांच्या सदऱ्यावर मधूनमधून पांढरं काहीतरी सांडलेलं असतं. आज मानेतल्या नळीवरच्या पट्टीलाही लागलेलं होतं. मावशींना विचारलं, "अंगाला पावडर लावता का?" त्या म्हणाल्या, "बाई, आम्हाला जेवायला वेळ नाही." मी झटकून टाकलं आणि यांना गबाळेपणाबद्दल बोलले. त्यांनी चुपचाप ऐकून घेतलं. कधी ऐकून घेत नाहीत.


१२ मार्च

चष्म्याच्या डबीत सापडल्या. तुझ्या पुड्या, रिकाम्या. प्रत्येकीची चौकोनी घडी, सगळ्या एकावर एक दाबून बसवलेल्या. माणूस कारागीर आहे, लपवलंही कारागिरासारखं.

"हे काय?"

"कागद."

"कसले?"

"कागदाचे."

"कधी घेतलंत?"

"तू चहाला जायचीस तेव्हा."

"सर्जन नको म्हणाला होता."

"सर्जनला मुलगी आहे का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःहून, "पाण्यापर्यंत हात पोचायचा नाही. दातानं फोडायचो. निम्मं तर अंगावरच सांडायचं. तेवढं काय गेलं असेल पोटात?"

मी पुड्या घेऊन तडक लॅबमध्ये गेले. टाचणीनं टोपण तोंडातून काढलं.

"मग ते कातडीवरचं नाही," ती म्हणाली. "किंवा असेल. पण कातडीवर कुठून आलं ते कळलं."

तिनं मला जे समजावलं ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण कुंडी हातात घेऊन तू हे सांगत नाहीस. तुझे जंतू धडधाकट माणसात काही करत नाहीत. बहुधा भलंही करत नाहीत, पण ते तिच्या बोलण्यात नव्हतं, ते माझं. या माणसात मात्र वाटा उघड्या होत्या. एक शिवलेल्या आतड्यातून, दुसरी मानेतल्या नळीतून थेट रक्तात. त्यांनी पुडी दातानं फोडली, भुकटी पट्टीवर पडली, त्यांनी ती बोटांनी झटकली. मीही झटकली. आणि जे जोरदार औषध चालू आहे, ते यातल्या बऱ्याच जातींवर चालतच नाही.

"मग दुसरं द्या."

"कुठलं? अंदाजानं देता येईल. पण त्यांची मूत्रपिंडं थकलीत. अंदाज चुकला तर दुसऱ्यांदा चुकायला जागा नाही. पुडीत नेमकी कुठली जात आहे आणि ती कशानं मरते, हे बनवणाऱ्यांनी तपासलेलं असतं. तेवढं कळलं की झालं."

"तुमची लॅब शोधेल ना?"

"शोधेल. पण हे जंतू सावकाश वाढतात. आजोबांना तेवढी सवड दिसत नाही."

पुडीवर लिहिलंय, 'बारा प्रकारचे मित्र'. मित्रांची नावं नाहीत. तुमच्या मदतकेंद्रावर फोन केला, बासरी वाजत राहिली.

नावं सांग. टाचणीचा नंबर खाली देते. मला काही लिहू नकोस, तिला फोन कर.


१३ मार्च

उत्तर आलं, पण तुझं नाही. तुझ्या भागीदाराचं. 'आमच्या उत्पादनामुळे आजवर कुणालाही अपाय झाल्याची नोंद नाही. घटकांचा तपशील हे व्यावसायिक गुपित असल्याने तो देता येत नाही. आपल्या रुग्णास लवकर आराम पडो.'

साक्षीदार 'झालं नाही' असं न म्हणता 'नोंद नाही' म्हणतो, तेव्हा बरा वकील असेल तर चष्मा पुसतो आणि उठून उभा राहतो. एवढं मी रोज बघितलंय. तुझ्या भागीदारानं बघितलेलं नाही, नाहीतर त्यानं वाक्य बदललं असतं.

तुझे वडील सकाळपासून भ्रमात आहेत. लिफ्ट मध्येच अडकलीय, आत माणसं आहेत, खालून कुणीतरी बटण दाबतंय. "दाबू नका," ते ओरडतात, "हात काढ, मूर्खा." नर्स घाबरली. मी म्हटलं, तुम्हाला नाही, बटणाला.

मग आवाज एकदम खाली आला. गुपचूप बोलताना येतो तसा. "भिंगरी, ऐकू येतंय का? जिन्यात आहे मी. हो, जेवलो. नाही, हिला माहीत नाही. कळू देत नाही मी. तू काळजी करू नकोस. हां, पुढच्या गुरुवारी."

गुरुवारी संध्याकाळी हे जिन्यात जाऊन बसायचे. मी विचारलं होतं, काय करता तिथं? लिफ्टचा आवाज ऐकतो म्हणाले. मोटर बदललीय, बघतो कशी चालते. मी चहाचा कप जिन्यात नेऊन द्यायचे, म्हणजे त्यांना ऐकता यावं. पायऱ्यांवर माझी चप्पल वाजली की ते फोन खिशात टाकत असणार.

माझ्यापासून लपवायचं काय होतं? मी कधी तुझं नाव घ्यायला बंदी केली? तुला तसं सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. न सांगताच तू तसं धरून चाललीस, हे जास्त शक्य आहे. तुम्ही दोघं मिळून मला जल्लाद नेमलंत आणि मग लपूनछपून भेटण्याची मजा घेतलीत. ठीक आहे. मला त्याचं काही नाही.

आता पुढचं वाच. त्यांची लघवी कमी झालीय. टाचणी दुपारी दोनदा विचारायला आली, "फोन आला का?" दुसऱ्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलंही नाही. तुझ्या कंपनीचं गुपित काय आहे ते मला कळलं आहे, तुम्ही घाबरला आहात. मी ते कुणाला सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. बापाला मरताना बघवत नाही, म्हणून तू येणार नाहीस. पण जिन्यातून आलेला फोन तर तुला कायम चालत होता. एक करून बघ.


१७ मार्च

तू फोन केलास. मला नाही, टाचणीला. मी तसंच सांगितलं होतं.

औषध बदललं. जुनं, साधं, डॉक्टरांनाही ज्याचा विसर पडलाय असं औषध निघालं. मानेतली नळी काढली. ताप आधी रेंगाळला, मग गेला. लघवी सुटली. या वॉर्डात त्याला बातमी म्हणतात, आणि मावशींनीही ती मला धावत येऊन दिली.

टाचणीनं मला सगळं सांगितलं. तिला वाटलं, मला बरं वाटेल. याआधी असे आणखी दोन पेशंट झाले होते, दोघंही पोटाच्या ऑपरेशनचे, आणि तुम्हाला माहीत होतं. 'शस्त्रक्रिया झालेल्यांनी घेऊ नये' अशी ओळ कार्डावर होती. भागीदार म्हणाला, गिऱ्हाईक बिचकतं. ती काढली आणि त्या जागी पानं छापली. हे सगळं तू तिला न विचारता सांगितलंस. बापाचं ऑपरेशन आहे हे जिन्यातून कळल्यावरही खोकं पाठवलंस, कारण तुला खरंच वाटलं की आपल्या बापाला नाही काही होणार.

तू रडलीस असंही ती म्हणाली. रडण्याचा औषधाला उपयोग नव्हता, नावांचा झाला.

तू खरं बोललीस, तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल काहीतरी बरं यायला हवं. मी वाट बघितली. आलं तर कळवीन.

तुझे वडील शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "तिसऱ्या मजल्यावर कुणी बघितलं का?"


२१ मार्च

हॉस्पिटलनं चौकशीला माणूस पाठवला. हे त्यांना करावंच लागतं, पुढे तुमच्या कंपनीपर्यंत जाणार आहे. नीटनेटका, थकलेला, प्रश्न दोनदा विचारणारा. मला आवडला. त्यानं पलंगाशेजारी स्टूल ओढलं. मी खिडकीशी होते. टाचणी दारात उभी होती.

"पुडी तुम्ही स्वतः घेतली?"

"हो. पण मला काय ठाऊक ती काय आहे ते? हिनं दिली."

"तुमच्या पत्नीनं दिली?"

"हिला वाटलं, पोटाला बरं."

"सर्जन म्हणतात, खोकं मुलीनं पाठवलं होतं."

"कंपनी पोरीची आहे, म्हणून तसं म्हणाले असतील. मागवलं हिनं. गिऱ्हाईकानं मागितलं तर कंपनी पाठवणारच की. ऑपरेशनचं पोरीला माहीतच नव्हतं. ती आमच्याशी बोलतही नाही. विचारा हवं तर."

ओळीत एक शब्द जास्त नव्हता. मी हजारो जबान्या टिपल्या, खरं बोलणाऱ्यांची जबानी इतकी नीट बसत नाही. तू कुठं अडकू शकतेस हे त्यांनी ताडलं होतं, आणि नेमकं तिथंच मला उभं केलं. तेही ज्वरातून उठलेल्या डोक्यानं. तुझे वडील इतके हुशार आहेत हे मला माहीत नव्हतं.

टाचणीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली. का हलवली ते मला सांगता येणार नाही, आणि तुला तर मुळीच नाही.

माणूस माझ्याकडे वळला. "बाई, हे म्हणतात ते बरोबर आहे?"

"ते म्हणतात ते लिहा," मी म्हटलं.

त्यानं मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. त्यानं लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर तुझ्या वडिलांनी छताकडे बघतच विचारलं.

"रागावलीस?"

"नाही."

"तू सोसशील," ते म्हणाले. "तिला नाही सोसायचं ते."

मी त्यांची चादर सारखी केली. पायाकडून ती नेहमी निघते.

हे सांगायला मी लिहीत नाही. मला सोसतं की नाही, हा या घरात कुणी विचारलेला प्रश्न नाही, म्हणून उत्तरही देत नाही. लिहिण्याचं कारण साधं आहे. तो माणूस शुक्रवारी सही घ्यायला येईल. तोपर्यंत जबानी बदलता येते. मी बदलणार नाही. त्यासाठी मला नुकत्याच वाचलेल्या माणसाला चारचौघांत खोटारडा म्हणावं लागेल, आणि तो मनुष्य माझा नवरा आहे. टाचणीलाही मी बोलू देणार नाही. जबानी तशीच राहिली तर तुझ्या जंतूंचा दोष माझ्या मूर्खपणाकडे जाईल, तुमचं कार्ड आहे तसं राहील, आणि ऑपरेशन झालेल्या आणखी कुणाच्या तरी उशाशी खोकं येईल. त्या माणसाला कदाचित टाचणी भेटणार नाही.

तेव्हा तू ये. त्यांच्यासमोर बसून त्या माणसाला सांग, टाचणीला सांगितलंस तसं. फोनवर एकदा जमलंय तुला. तुझे वडील तुला थांबवतील, हात धरतील, पुन्हा खोटं बोलतील, बहुधा रडतील. मला असा हात सोडवता येत नाही, म्हणजे त्यांनी माझा हात असा कधी धरलाच नाही. तू त्यांचा हात सोडवून बोल.

नाही आलीस तर मला आश्चर्य वाटणार नाही. मी तुझ्याबद्दल जे समजत आले, ते फक्त कायम होईल, आणि त्यात मला थोडं सुखही आहे. ते सुख माझ्याकडून काढून घ्यायचं असेल तर शुक्रवार आहे.

भेटायची वेळ चार ते सहा. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर असेन. ओळख दाखवायची गरज नाही.